पानाफुलांच्या लेबलापलीकडे: बाळासाठी आणि घरासाठी निर्धोक वस्तू कशा निवडाव्यात

आमच्या माळ्यावर आजीचे एक पितळी पातेले होते. कल्हई उडालेले, आतून पिवळेधमक. त्यात तापवलेल्या दुधाची चव आजच्या दुधाला नाही, असे घरातली मोठी माणसे आजही सांगतात. चवीबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. पण १९८० च्या दशकात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधील डॉ. टॅनर यांच्यासह लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा माग काढला, तेव्हा तो माग अशाच पातेल्यापाशी येऊन थांबला. ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजाराने दगावलेल्या अनेक बाळांना अगदी लवकर वरचे दूध सुरू झाले होते, आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले व ठेवलेले होते. दुधातील केसिन हे प्रथिन तांबे धरून ठेवते आणि तान्ह्या बाळाच्या यकृताला ते तांबे बाहेर टाकता येत नाही. पितळी पातेल्यांची जागा स्टीलने घेतली आणि पुढच्या काही वर्षांत हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

ही हकिकत आरंभीच सांगण्याचे कारण असे, की बाळासाठी ‘निर्धोक’ आणि ‘पर्यावरणपूरक’ वस्तू शोधणारे बहुतेक आईबाप दोनपैकी एका शब्दावर विसंबतात: ‘नैसर्गिक’ किंवा ‘पारंपरिक’. पितळेचे पातेले दोन्ही होते. धोत्रा आणि कण्हेर नैसर्गिकच आहेत. उलट ‘केमिकल-फ्री’ या शब्दाला तर काहीच अर्थ नाही, कारण पाणीसुद्धा रसायनच आहे. म्हणून विशेषणे बाजूला ठेवून प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत: तिच्यात नेमके काय आहे, ते बाळाच्या शरीरात कोणत्या वाटेने जाऊ शकते (तोंडातून, त्वचेतून की श्वासातून), आणि हे कोणी तपासले आहे. त्याही आधीचा प्रश्न म्हणजे ही वस्तू मुळात घरात हवी आहे का. खरेदीच्या यादीतून एक ओळ खोडणे हा पर्यावरणासाठीही आणि खिशासाठीही सर्वांत स्वस्त उपाय आहे.

खेळणे हातात घेतल्यावर

खेळण्यांपासून सुरुवात करू, कारण वर्षभराच्या आतले मूल प्रत्येक वस्तूची परीक्षा तोंडानेच करते. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे. मात्र चिन्ह छापणे फारसे अवघड नसल्याने नुसते चिन्ह पाहून समाधान मानू नये. खुळखुळ्याचा खोका हातात घेतला, की चिन्हाच्या वरच्या बाजूस भारतीय मानकाचा क्रमांक शोधावा. साध्या खेळण्यांसाठी तो ‘आयएस ९८७३’ असतो आणि बॅटरीवर किंवा विजेवर चालणाऱ्यांसाठी ‘आयएस १५६४४’. चिन्हाच्या खालच्या बाजूस ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरील मोफत अॅपमध्ये टाकला, की कोणत्या उत्पादकाला, कोणत्या मालासाठी परवाना दिला आहे आणि तो अजून चालू आहे का, हे दिसते. पडद्यावरचे नाव आणि खोक्यावरचे नाव जुळत नसेल, किंवा परवाना बाहुल्यांचा आणि हातात मोटार असेल, तर ते खेळणे परत फळीवर ठेवावे. एका दुकानात मी चिन्हाविषयी विचारले तेव्हा ‘चिन्ह खोक्यावर होते, खोका फेकून दिला’ असे उत्तर मिळाले. असे उत्तर मिळाले तर तेथून काढता पाय घेणे बरे.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो माहीत नसल्यामुळे चांगल्या कारागिरांवर उगीच संशय घेतला जातो. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर स्वतः बनवून विकतात ती खेळणी, तसेच भौगोलिक मानांकन मिळालेल्या उत्पादनाच्या नोंदणीकृत मालकांनी व अधिकृत वापरकर्त्यांनी विकलेली खेळणी, आयएसआय चिन्हाच्या सक्तीतून वगळलेली आहेत. त्यामुळे कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखकाम केलेली लाकडी खेळणी कारागिराकडून घेतली, तर त्यांवर चिन्ह नसणे हा दोष ठरत नाही. चन्नपट्टणला हलके लाकूड चरकावर फिरवतात आणि रंग मिसळलेल्या लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. त्या रंगाला वेगळ्या द्रावकाची गरज नसते. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे आणि भाज्या दिसायला तितक्याच देखण्या असतात, पण तो रंगलेपनाचा प्रकार आहे. म्हणून तेथे ‘रंग कोणता लावला, शिसेविरहित आहे का, खेळायचे आहे की शोभेचे’ हे विचारूनच घ्यावे. विक्रेत्याला उत्तर देता येत नसेल तर ती टोपली दिवाणखान्यातील कपाटावर शोभून दिसेल. बाळाच्या हातात देऊ नये. लाकूड विषारी नसले तरी बाळ लाकूड चाटत नाही, त्यावरचा रंग चाटते.

रंगाचा एवढा बाऊ करण्याचे कारण शिसे. शरीरातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तोंडावाटे गेलेल्या शिशापैकी लहान मुले प्रौढांच्या चार ते पाच पट शोषून घेतात. ओल्या पांढऱ्या रुमालाने खेळणे चोळून रंग निघतो का हे जरूर पाहावे, पण त्या परीक्षेने शिसे कळत नाही. रंग कच्चा आहे एवढेच कळते. शिशाला वास नाही, आणि तकतकीत, न निघणाऱ्या रंगातही ते असू शकते. म्हणूनच परवाना क्रमांक तपासण्याचा कंटाळा करू नये.

मोजमापांच्या बाबतीत मात्र घरच्या घरी बरेच काही करता येते. तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकणारे भाग ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. म्हणजे दहाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी कोणतीही सुटी वस्तू बाळासाठी लहानच समजावी. स्टीलच्या भातुकलीतील झारे आणि पळ्या या मापात सहज बसतात, तेव्हा भातुकली तीन वर्षांनंतरच बाहेर काढावी. बाहुलीचे डोळे आणि गाडीची चाके दुकानातच ओढून पाहावीत. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद झालेले असावे, नखाने उघडणारे नसावे, कारण गिळलेली बटणाएवढी चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजणे होऊ शकते. गाणे वाजवणारी वाढदिवसाची शुभेच्छापत्रे याच कारणासाठी घरात नकोत. मऊ, चिकटसर आणि उग्र गोडसर वासाचे प्लॅस्टिक टाळावे. पीव्हीसीला मऊपणा आणण्यासाठी बहुधा थॅलेट गटातील द्रव्ये मिसळतात आणि ती त्या प्लॅस्टिकमध्ये पक्की बांधलेली नसल्याने चोखताना तोंडात उतरू शकतात. दात येताना चावायला स्वच्छ धुतलेला, गाठ मारून फ्रिजमध्ये गार केलेला सुती रुमाल कोणत्याही ‘टीथर’इतकाच उपयोगी पडतो.

नातलगांकडून आलेली जुनी खेळणी वापरणे हे पर्यावरणाच्या दृष्टीने उत्तमच. तरी २०२१ पूर्वीच्या रंगीत प्लॅस्टिकला आणि पोपडे निघालेल्या लाकडी खेळण्यांना नाही म्हणावे. बिनरंगी लाकूड, कापडी बाहुल्या आणि स्टीलच्या वाट्या खुशाल घ्याव्यात.

हिरव्या रंगाचे चार अर्थ

वेष्टनावरील हिरवा रंग आपल्याला फार लवकर आश्वस्त करतो, म्हणून त्याचे अर्थ वेगळे करून घ्यावेत. साबण, शॅम्पू किंवा टूथपेस्टवरचा हिरवा ठिपका एवढेच सांगतो की ती वस्तू शाकाहारी आहे. त्याचा बाळाच्या त्वचेशी किंवा पर्यावरणाशी संबंध नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरील चौकोनाच्या खालच्या त्रिकोणात हिरवा रंग असेल, तर त्याचा अर्थ ते कमी विषारी आहे असा होतो. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा या उतरत्या क्रमातले ते शेवटचे विष आहे, पण विषच आहे. शेतीवाडीच्या घरात, जेथे फवारणीचे डबे पडवीत ठेवलेले असतात, तेथे हा फरक लहानथोरांना समजावून सांगणे आवश्यक आहे.

तिसरा हिरवा म्हणजे कंपनीने स्वतःच काढलेले पान, रोपटे किंवा पृथ्वीचा गोळा. हे चित्र आहे, प्रमाणपत्र नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’ असे ढोबळ शब्द वापरणाऱ्याने ते कशाच्या आधारावर वापरले हे स्पष्ट करणे आणि पुरावा देणे अपेक्षित आहे. पुरावा सापडत नसेल तर कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. चौथे, आणि खरे सरकारी चिन्ह म्हणजे मातीच्या मडक्याचा ‘इकोमार्क’. ही योजना १९९१ पासून आहे, २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले, तरी दुकानात ते मडके इतके क्वचित दिसते की त्यावाचून खरेदी करायचीच नाही असे ठरवले तर पिशवी रिकामी राहील.

कपड्यांसाठी दोन खुणा उपयोगी आहेत. ‘गॉट्स’ या सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्रातील ‘ऑरगॅनिक’ श्रेणीत किमान ९५ टक्के तंतू सेंद्रिय असावे लागतात, तर ‘मेड विथ ऑरगॅनिक’ श्रेणीत ७० टक्के चालतात. म्हणजे ‘ऑरगॅनिक’च्या आधी ‘मेड विथ’ हे शब्द आहेत का, ते नीट वाचावे. ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ ही खूण कापूस सेंद्रिय असल्याचे सांगत नाही, तयार कापडात घातक द्रव्ये मर्यादेबाहेर नाहीत एवढे सांगते, आणि तिची पहिली श्रेणी तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असते. पण खरे सांगायचे तर अनेकदा धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे दुपटे आणि गोधडी यांच्यापुढे कोणतेही प्रमाणपत्र फिके आहे. जितक्या वेळा कापड धुतले गेले, तितकी त्यातील खळ, कच्चा रंग आणि कारखान्यातील अंतिम प्रक्रियेची द्रव्ये निघून गेलेली असतात. साडीचे जरीचे काठ मात्र आधी उसवून काढावेत, ते टोचतात. नवा कपडा बाळाला घालण्यापूर्वी दोनदा तरी धुवावा आणि शेवटच्या पाण्यात सुगंधी ‘कंडिशनर’ घालू नये.

बाळाच्या पेटीतील जुन्या सवयी

पहिल्या मुलाची झबली दुसऱ्यासाठी जपून ठेवण्याची आपली पद्धत स्तुत्य आहे. घोळ होतो तो डांबराच्या गोळ्यांमुळे. या गोळ्यांतील नॅफ्थलीनची वाफ कपड्यात मुरते आणि जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. अशी कमतरता आपल्या बाळात आहे की नाही, हे तपासणीशिवाय बहुतेकांना ठाऊक नसते. तेलाने मालिश केलेल्या अंगातून नॅफ्थलीन अधिक शोषले जाते, आणि आपल्याकडे तर रोजच तेल लावण्याचा प्रघात आहे. म्हणून बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत. ठेवल्या गेल्या असतील तर कपडे अनेक दिवस उन्हा-वाऱ्यात ठेवून, धुऊन, वास पूर्ण गेल्यावरच वापरावेत. वाळवलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून पेटीत ठेवला आणि वर्षातून दोनदा पेटीला ऊन दाखवले, की कसरीपासून बऱ्यापैकी बचाव होतो.

सर्दी झालेल्या बाळाच्या गळ्यात ओवा-कापराची पुरचुंडी बांधणे हीही अशीच प्रेमापोटी आलेली पण धोक्याची सवय आहे. कापूर तोंडात गेल्यास मुलाला झटके येऊ शकतात आणि सुमारे एक ग्रॅम कापूरही लहान मुलाच्या जिवावर बेतल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. भीमसेनी कापूर झाडापासून मिळतो म्हणून तो निराळा, असा समज आहे. झाडापासून मिळाला तरी तो मुलासाठी सुरक्षित ठरत नाही. देवघरातील कापराची डबी उंच ठेवावी आणि कापूर असलेले बाम दोन वर्षांखालील मुलाला लावू नयेत. बाजारी काजळात आणि सुरम्यात शिसे आढळलेले आहे. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर ती घरच्या दिव्याच्या काजळीची, तळपायाला लावावी. डोळ्यांत काहीही घालू नये. न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून दिली जाणारी धुरी ऊब देते हे खरे, पण ती ऊब धुराशिवायही देता येते. आणि वर्षाच्या आतील बाळाला बाळगुटीबरोबर मध चाटवू नये, मग तो महाबळेश्वरचा असला तरी. मधातील बोटुलिझमचे जिवाणूबीज इतक्या लहान आतड्यात रुजू शकते. गुटीतील जायफळ आणि वेखंड यांविषयी आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारावे. आजीशी वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांसमोर आजीलाच नेणे जास्त उपयोगी पडते, हा अनुभव आहे.

डासांसाठी सर्वांत चांगली वस्तू मच्छरदाणी, यात शंका नाही. एका डासांच्या कॉइलच्या धुरातील सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेतही मच्छरदाणी लावावी. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डासांच्या अगरबत्त्यांच्या पुड्यावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक नसेल, तर त्यात काय जळते आहे याची हमी कोणीच घेतलेली नाही असे समजावे.

स्वयंपाकघर

तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो हे आपल्याला पिढ्यानपिढ्या माहीत आहे. ताक आणि आमटी म्हणूनच कल्हईच्या भांड्यात ठेवत. पण कल्हई शुद्ध कथलाची असावी लागते. स्वस्त पडावे म्हणून कथलात शिसे मिसळले, तर एका धातूपासून वाचण्यासाठी आपण दुसरा अधिक वाईट धातू अन्नात घालतो. ओळखीचा कल्हईवाला असेल आणि तो कथलाची लडी दाखवून काम करत असेल तर मोठ्यांचा स्वयंपाक त्या भांड्यात अवश्य करावा. बाळाचे दूध आणि पेज मात्र स्टीलमध्येच. भंगारातून ओतलेल्या स्वस्त अॅल्युमिनियमच्या भांड्यांतूनही अन्नात शिसे उतरू शकते, तेव्हा बिनछापाची जाड पातेली घेऊ नयेत. नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नये, आणि लेप खरवडला गेला असेल तर त्याऐवजी बिडाचा तवा आणावा. बीड पहिले दोन महिने तेल आणि सोशिकपणा मागते, पुढे नातवंडांपर्यंत टिकते.

दूध पाजण्याच्या बाटल्यांसाठी भारतीय मानकाने पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक वर्ज्य केले आहे, कारण त्यातून बीपीए हे अपायकारक द्रव्य दुधात उतरते. म्हणून बाटली घेताना ‘आयएस १४६२५’ हा क्रमांक पाहावा. तरी वरचे दूध द्यावेच लागले तर वाटी-चमचा किंवा आपले बोंडले हेच डॉक्टरांच्या पसंतीचे आहे, कारण ते आतपर्यंत नीट घासता येते. बारशाला आलेले बोंडले चांदीचे असल्यास हॉलमार्क पाहावा. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी मुळीच नसते, तो तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे.

प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. कोरड्या आणि गार पदार्थांसाठी २ किंवा ५ चालेल. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, हे अन्नापासून दूर ठेवावेत. गरम वरण कोणत्याही आकड्यात ओतू नये. पाण्याच्या १ आकड्याच्या बाटल्या पुन्हा पुन्हा भरण्यासाठी नसतात. आणि वडापाव वर्तमानपत्रात बांधून आणणे बंद करावे: छपाईची शाई तेलात विरघळते, आणि २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनुसार खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळण्यास मनाईच आहे. स्टीलचा डबा घेऊन गेल्यास गाडीवाला तो हसत भरून देतो.

स्वयंपाकघरातील हळदीकडे थोडे अधिक लक्ष द्यावे, कारण ती रोज पोटात जाते. पिवळेपणा खुलवण्यासाठी लेड क्रोमेट वापरल्याची प्रकरणे आपल्या उपखंडात उघड झाली आहेत. घरी कांडून आणली म्हणजे सुटलो, असे नाही. हळकुंडालाही पॉलिश करताना हाच रंग फासला जातो. एक हळकुंड काचेच्या पेल्यात पाण्यात टाकून पाहावे. पाण्यात लगेच झगझगीत पिवळा रंग उतरू लागला तर ते हळकुंड संशयास्पद समजावे. मळकट, निस्तेज, सुरकुतलेले हळकुंड घ्यावे. तुकतुकीत दिसते म्हणून जास्त पैसे मोजू नयेत.

फरशी, न्हाणीघर आणि भिंती

दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून पाण्याच्या जुन्या बाटलीत सुटे फिनेल किंवा अॅसिड घेण्याची पद्धत अनेक गल्ल्यांत अजून आहे. लेबल नाही, झाकण बालसुरक्षित नाही, आणि बाटलीचा आकार मुलाला नेमका पाण्याचा वाटतो. घरातील सगळ्या वस्तूंत मला हिची धास्ती सर्वांत जास्त वाटते. असे काही प्यायल्यास मुलाला उलटी करवू नये, १०८ ला फोन करून बाटलीसह रुग्णालय गाठावे. संडास धुण्याचे अॅसिड आणि कपड्यांचे ब्लीच एकत्र आल्यास क्लोरीन वायू निघतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच खोलीत वापरू नयेत.

रोजच्या फरशीला पाणी आणि थोडा साबण पुरतो. रांगते मूल फरशीला हात लावून तोच हात तोंडात घालते, त्यामुळे फरशीवर जे उरते ते त्याच्या पोटात जाते, हे लक्षात ठेवून सुगंधी द्रव्ये कमी करावीत. मोसंबी-लिंबाच्या साली आंबवून बायोएन्झाइम हे सफाईचे द्रावण करणे सोपे आहे: १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी, प्लॅस्टिकच्या बरणीत तीन महिने. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यावा, नाहीतर बरणी फुटते. त्याने डाग आणि तेलकटपणा जातो; जुलाब-उलट्यांची साथ घरात असताना मात्र जंतुनाशक म्हणून त्यावर विसंबू नये. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याची टूम निरर्थक आहे, दोघे एकमेकांना निकामी करतात; वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे. तांब्या-पितळेला चिंच, भांड्यांना रिठ्याचे पाणी. रिठा डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबतो, तेव्हा तोही मुलाच्या हाताशी ठेवू नये.

घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तो औद्योगिक रंगांना लागू नाही. म्हणून बारशासाठी जुना लोखंडी पाळणा रंगवायला काढला, की रंगारी गॅरेजमधला उरलेला डबा तर आणत नाही ना, हे पाहावे. घराच्या खिडक्यांचे गज आणि दारे २०१७ पूर्वी तेलरंगाने रंगवलेली असतील आणि पोपडे निघत असतील, तर ती कोरडी घासू नयेत. आधी ओली करून घासावीत आणि त्या दिवशी गरोदर स्त्री व मूल दुसरीकडे असावे. पोपडे निघणाऱ्या खोलीत झाडू मारण्याऐवजी ओले फडके फिरवावे. बाळाची खोली रंगवायची असेल तर प्रसूतीच्या पुष्कळ आधी, ‘लो-व्हीओसी’ (अपायकारक वाफा कमी सोडणाऱ्या) रंगाने रंगवून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नवे कपाट घेताना प्लायवूड किंवा एमडीएफ ‘ई-१’ अथवा ‘ई-०’ दर्जाचे आहे का ते विचारावे. ही श्रेणी डिंकातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइड या अपायकारक वायूच्या प्रमाणाची आहे. सुताराला ती ठाऊक नसेल, पण फळीच्या पाठीवरील छाप तो दाखवू शकतो.

घरातून काय काढले ते कुठे जाते, हेही निवडीचाच भाग आहे. उरलेले अॅसिड, डांबराच्या गोळ्या, कालबाह्य औषधे, बटण-बॅटऱ्या आणि फुटलेल्या सीएफएल नळ्या ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात न टाकता धोकादायक कचरा म्हणून वेगळ्या पिशवीत, वर तसे लिहून द्याव्यात. पाऱ्याचा तापमापक घरात असेल तर तो फुटण्याआधीच डिजिटल आणावा. फुटलाच तर मुलांना खोलीबाहेर काढून खिडक्या उघडाव्यात, झाडू अजिबात वापरू नये. पाऱ्याचे मणी जाड कागदाने एकत्र ढकलावेत, बारीक थेंब चिकटपट्टीने उचलावेत आणि सगळे झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करून त्याच पिशवीत ठेवावे.